पानाची पारख

निपाणीच्या वखारीत मालन बावीस वर्षं
तंबाखू चाळत होती.
लाईट गेली तरी हात थांबायचा नाही,
काडी वेगळी, पान वेगळं, भुकटी वेगळी.
शेटजी दर बोलायच्या आधी
हिच्या नाकाकडं बघायचे.

आता तेच नाक तिचं वैरी झालंय.

डॉक्टर पट्टणशेट्टी म्हणाले, तिसरी सायकल.
ती म्हणाली, मला पहिलीच चालवता येईना,
तुम्ही तिसरी कुठली देताय?
तिथं हसलो आम्ही सगळे.
मग बेळगावहून परतताना
काकतीला एकदा, हत्तरगीला दोनदा,
आणि संकेश्वरच्या अलीकडं कंडक्टरनंच
शिट्टी मारून बस थांबवली,
पाण्याची बाटली पुढं केली, काही न बोलता.

घरात फोडणी बंद. उदबत्ती बंद.
शेजारच्या निंगव्वाला लसूण कुटायचा झाला
तर परड्यातनं हाक मारून विचारायची,
आत्ता कुटू काय गा?
मी माझा सदरा पेरूच्या झाडाला टांगून
उघडाच आत यायचो.
तीस वर्षं काट्यावर पोती तोलली,
तंबाखू कातडीतच मुरलाय,
साबणाचं काय ऐकतोय तो.
ती भिंतीकडं तोंड करून म्हणायची,
तुमचा राग नाही ओ. वासाचा आहे.

गोळ्या होत्या. जिभेखालची होती, सुईतली होती.
पहिला दिवस निभायचा,
तिसऱ्या दिवशी पाणीसुद्धा परत.

मग तिचा धाकटा भाऊ भीमशा आला
कन्नड पेपरात गुंडाळलेली पुडी घेऊन.
कुठल्याशा मठाचं नाव घेतलं, आवाज खाली पाडून.
मी ती तांदळाच्या डब्यामागं ठेवली
आणि रात्रभर कुत्र्यांचं भुंकणं मोजलं.
समोर वखारीत पोत्यांवर पोती,
शिक्क्याचं पान, कराचं पान, त्याला वॉचमन.
आणि ह्या मूठभर पाल्याला हिंडलग्याचा तुरुंग.
कुठल्या पानाला पहारा, कुठल्या पानाला बेडी
हे ज्यानं ठरवलं
त्याच्या घरात बहुतेक कुणी बारा दिवस ओकलं नसावं.

सकाळी तिनंच पुडी उघडली.
चिमूट चोळली, नाकाशी नेली.
मी सवयीनं घमेलं पुढं केलं.
घमेलं रिकामंच राहिलं.
ओलं असतानाच बांधलंय, ती म्हणाली,
आत बुरशी आहे बघा.
असलं पान मी वखारीच्या पायरीवर चढू दिलं नसतं.
फेका. चुलीत नको,
सगळी गल्ली डुलायला लागंल.

आणि मग, जरा थांबून,
चांगलं कुठं मिळतं ते डॉक्टरलाच विचारा की.

विचारलं. आधी दार लोटून घेतलं.
डॉक्टर रागावले नाहीत.
सगळ्यांना लागू पडत नाही, म्हणाले,
आणि आपल्या गोळ्या सोडायच्या नाहीत.
शहापुरातल्या एका वैद्याच्या नावानं चिठ्ठी दिली.
त्यानं नाडी बघितली, कागद बघितले, सही केली,
आणि बोटभर बाटली. लेबलावर लिहिलेलं, विजया.
मालन म्हणाली, अगं बाई,
ही तर माझ्या नणंदेच्या नावाची,
हिच्यापासनं गुण यायचा कसा?

पहिल्या रात्री काहीच नाही.
दुसऱ्या रात्री छत फिरतंय म्हणून
छताला शिव्या, मग मला.
तिसऱ्या दिवशी दुपारी निंगव्वा दारात,
स्वल्प तिन्री अक्का, हातात ज्वारीची आंबील.
अर्धी वाटी गेली.
आम्ही दोघं त्या वाटीकडं बघत बसलो,
घड्याळात बघावं तसं.
पाऊण तास. राहिली आत.
चौथ्या दिवशी पुन्हा ओकली, ते सांगितलं पाहिजे.
पण पाचव्या दिवशी पुन्हा अर्धी.

काल रात्री मी पेरूखाली उघडा, दात वाजतायत,
आतनं आवाज आला,
सदरा आत आणा. दंव पडतंय.
उंबऱ्यावर थांबलो. तिनं हात केला.
कॉलर नाकाला लावली, डोळे मिटून,
मी श्वास धरलेला.

ह्या वर्षीचं पान हलकं आलंय, ती म्हणाली,
शेटला सांगा, दर धरू नको.